एकही कट नाही

नायजेरियातल्या असाबात सिनेमाच्या सेटवर दिवे लावणारे पुष्कळ होते, पण चेहरा उजळवावा तो उबाकानंच, असं सगळे म्हणत. उबाकालाही ते मनातून मान्य होतं. बाकीचे लोक काळ्या चेहऱ्यासमोर दोन मोठे दिवे आणून ठेवायचे, तेवढ्यानं भागलं नाही तर तिसरा आणायचे. मग नटीच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरी चमक यायची आणि बाकीचा चेहरा होता तिथेच अंधारात राहायचा. उबाका आला की आधी एक दिवा विझवायचा.

"हिला उजेड जास्त नको," तो म्हणायचा. "काळी कातडी उजेड पिऊन टाकते. रंग मात्र परत देते. रंग द्या."

त्याच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये जिलेटिनचे कागद असायचे. पेंढ्याच्या रंगाचे, फिकट गुलाबी, अंबर, निळे, शेवाळी. दिव्याच्या आचेनं जिलेटिन मधोमध पांढरं पडतं, कुरकुरीत होऊन फाटतं. उबाका जळका भाग कापून उरलेले तुकडे जपून ठेवायचा. दिव्याच्या झडपांना तो ते कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी लावायचा, थोडा मागे सरायचा, डोळे बारीक करायचा, आणि मग चार बोटं डावीकडे सरकवायचा. तेवढ्यानं गालाच्या हाडावर तांब्याच्या भांड्यासारखी झाक यायची. पन्नाशीच्या नट्या म्हणायच्या, उबाका नसेल तर आम्ही येणार नाही.

घरी त्याची बायको अझुका होती आणि मुलगी सोमतो. सोमतो वसतिगृहाच्या शाळेत. अझुका मोटार स्टँडजवळच्या नाक्यावर अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळायची. चवळी आदल्या दिवशी भिजवायची, पहाटे सोलून वाटायची आणि सहा वाजता तिची कढई तापलेली असायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अझुका रंगानं गडद, ठेंगणी, हसरी. तिचा अकारा खायला पुलापलीकडून ओनिचाहून ड्रायव्हर यायचे.

त्या वर्षी पाऊस सरताना चीफ अनेतो नावाच्या व्यापाऱ्यानं उबाकाला हॉटेलवर बोलावून घेतलं. चीफचा चेहरा उजळवायच्या क्रीमचा धंदा होता. गुलाबी झाकणाची डबी. जाहिरात करणारा दिग्दर्शक टोबे आधीच येऊन बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"लोक हसतात हो," चीफ म्हणाला. "आधी एक काळी बाई दाखवतात, मग कट, आणि मग तिची गोरी चुलतबहीण! मला कट नको. एकच बाई, एकच शॉट. क्रीम लावते आणि लोकांच्या डोळ्यांदेखत उजळते."

"लागोसला कॉम्प्युटरवर करून घेऊ, चीफ," टोबे म्हणाला.

"कॉम्प्युटर आता शेंबडं पोरगंही ओळखतं. मला खरं वाटणारं पाहिजे."

"खरं वाटणारं म्हणजे..." टोबेनं कपाळ पुसलं.

कोपऱ्यात माशाचं कालवण खात बसलेला उबाका म्हणाला, "होईल."

दोघांनी वळून पाहिलं. उबाकानं हात धुतले. "तीन दिवस द्या," म्हणाला.

त्याच्या मनात त्या डबीचा विचार आलाच नाही असं नाही. आला, आणि साबणाच्या जाहिरातीतला फेस तरी कुठे खरा असतो, असं म्हणून गेला. पंचवीस वर्षांत त्याला कुणी अवघड असं काही मागितलंच नव्हतं. 'उबाका, जरा बरी दिसू दे,' एवढंच. आता कुणीतरी खरं कोडं घातलं होतं.

दिवा मंद-तेज करून ते जमणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. दिवा मंद केला की तांबूस पडतो आणि डाव उघडा होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं जिलेटिनचे तुकडे एकाला एक जोडून लांबच लांब पट्टी केली. सुरुवातीला गडद शेवाळी, मग करडट हिरवं, मग फिकं, मग पेंढ्याचा रंग, शेवटी फिकट गुलाबी. गडद जिलेटिनातून उजेड कमी येतो, फिक्यातून जास्त, म्हणजे रंग पालटता पालटता चेहरा आपोआप उजळणार होता. झाडूच्या दोन दांड्यांवर पट्टी गुंडाळून त्यानं ती दिव्यापुढच्या चौकटीत बसवली. पुढे एक दुधी कागद ताणला, म्हणजे जोड दिसू नयेत. मागच्या भिंतीला वेगळे दिवे लावले. भिंत जागची हलली नाही, तिचा रंग बदलला नाही, की बघणाऱ्याचं मन म्हणतं, दिव्यात काही केलेलं नाही.

"अंगात काळा झगा," त्यानं टोबेला बजावलं. "पांढरं काही नको. पांढरं हिरवं दिसलं की संपलं. आणि तिला म्हणावं, डोळे मीट, तोंड मीट. क्रीम लावण्याच्या सुखात डोळे मिटलेत असं दाखव. शेवटी गुलाबी आल्यावरच डोळे उघड आणि हस. डोळ्यांचं पांढरं चुगली करतं."

नटी होती बिबियाना, चोवीस वर्षांची, मुळातच मधाच्या रंगाची. तिनं डबी उघडून वास घेतला आणि ठेवून दिली.

"हे मी तोंडाला लावणार नाही हं."

"अगं, जाहिरात त्याचीच आहे," टोबे म्हणाला.

"असू दे. माझ्या मावसबहिणीचं काय झालंय ते मी पाहिलंय. गालाला हात लावला तरी रडते ती. दुसरं काहीतरी भरा ह्यात."

डबी रिकामी करून तिच्यात शिआच्या बियांचं साधं लोणी भरलं. उबाका तेव्हा दोन हात लांब उभा राहून चौकटीचे खिळे बघत होता. त्यानं सगळं ऐकलं.

पट्टीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं त्याच्या जोडीदारानं, फेस्टसनं. सात सेकंद, मनात मोजत. पहिल्यांदा पट्टी अडकली, दुसऱ्यांदा फेस्टसनं घाई केली, तिसऱ्यांदा बिबियानाला शिंक आली. चौथ्यांदा तिनं दोन्ही हात गालांवरून कपाळाकडे फिरवले आणि हातांमागून चेहरा उजळत आला, ढगाची सावली शेतावरून सरकत जावी तसा. तिनं डोळे उघडले, हसली. टोबे 'कट' म्हणायचं विसरला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चीफ अनेतोनं उबाकाला मिठी मारली. नाताळला त्यानं एक बोकड पाठवला आणि अझुकानं त्याचं झणझणीत कालवण करून अर्ध्या गल्लीला वाढलं.

तोवर जाहिरात सगळीकडे लागली होती. टीव्हीवर होती, सिनेमाच्या डिस्कच्या सुरुवातीला होती, केस विंचरायच्या दुकानांत दिवसभर फिरत होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अझुका टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती.

"सोमतोचे बाबा, ही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग खरं सांगा. मधे कुठे कापलंय?"

"बघ ना नीट. दिसतंय का कुठे?"

जाहिरात संपली होती, पण ती पडद्याकडेच बघत राहिली. थोड्या वेळानं परत लागली तेव्हा ती पुढे सरकून बसली.

"नाही दिसत."

"एकही कट नाही," उबाका म्हणाला. त्याला गुदगुल्या होत होत्या. एवढ्या वर्षांत अझुकानं त्याचं काम असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे त्या बाईचा चेहरा खरंच..."

"मी समोर उभा होतो की!"

यातला शब्दही खोटा नव्हता. अजून थोडं ताणू, मग सांगू, असं त्याच्या मनात होतं. मग वीज गेली, कुणीतरी दाराशी आलं, सोमतोनं शाळेच्या बुटांचा विषय काढला. सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी आठवलं होतं. पण अझुका अकाराच्या गिऱ्हाइकांना सांगत होती, 'आमच्या ह्यांनी केलीय ती जाहिरात,' आणि ते ऐकायला त्याला बरं वाटत होतं.

जानेवारीत तो कामावर गेला. एका निर्मात्यानं न्सुक्काच्या बाजूच्या खेड्यात दोन सिनेमे एकदम काढले होते, एकाच राजवाड्यात, त्याच राण्या घेऊन. पंधरा-पंधरा दिवसांनी उबाका एखाद्या रविवारी घरी यायचा, जेवायचा, झोपायचा, सोमवारी जायचा. अझुका गोरी दिसू लागली होती. शेजारची केसांच्या दुकानातली बाई कुंपणावरून ओरडायची, "ओगा साहेब, तुम्ही बाहेरच राहा! सोमतोची आई आता दुसरं लग्न करायच्या वयाची झालीय!" अझुका पदराआड हसावं तशी डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडावर धरून हसायची. उबाकाला वाटलं, पावडर असेल. कोरड्या वाऱ्याची धूळ असेल. ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच चेहरे बघण्याचा, त्यानं चार महिने आपल्या घरातला चेहरा बघितला नाही.

ईस्टरच्या आठवड्यात तो घरी होता. सकाळी सहज नाक्यावर गेला. सूर्य नुकताच वर आला होता आणि डावीकडून, जमिनीलगत, ऊन येत होतं. बाजूनं येणारा उजेड काही झाकत नाही. अझुका कढईवर वाकली होती. तिच्या दोन्ही गालांच्या हाडांवर, डोळ्यांखाली, निळसर काळे डाग होते, शाई सांडून पुसल्यासारखे. कानांच्या पाळ्या लालभडक. मानेचा रंग एक, कपाळाचा दुसरा. आणि झारा धरलेल्या बोटांची पेरं अजून तिच्या जुन्याच रंगाची होती.

"काय लावतेस तोंडाला?" त्यानं विचारलं.

अझुकानं अकारा उलटले. "गिऱ्हाइकं आहेत. घरी बोलू."

घरी तिनं सोमतोच्या जुन्या दप्तरातून डब्या काढून खाटेवर ठेवल्या. सहा रिकाम्या, एक अर्धी. गुलाबी झाकणं.

"झोंबतं?"

"कढईपुढे बसलं की झोंबतं. आधी नव्हतं झोंबत. दुकानदार म्हणाला, जुनं कातडं जातंय, मधेच सोडू नका, नाहीतर डाग राहतील. म्हणून दोन वेळा लावायला लागले."

"अगं पण ते खोटं होतं!"

"काय खोटं होतं?"

"जाहिरात! सगळी! त्या पोरीनं ते क्रीम बोटानंसुद्धा उचललं नाही. शिआचं लोणी होतं डबीत!"

"तुम्ही म्हणालात एकही कट नाही."

"नव्हताच कट. जिलेटिन होतं."

"मग मला काय माहीत?" ती शांतपणे म्हणाली. "दुकानदारावर मी विश्वास ठेवला नसता, सोमतोचे बाबा. मी तुम्हाला विचारलं होतं."

उबाकाला वाटलं, हिला अजून पटत नाहीये. पटलं असतं तर ती ओरडली असती. आता त्याला दुसरं काही सुचलं नाही, जे येत होतं तेच त्यानं केलं. खिडक्यांच्या फळ्या लावून घेतल्या, जनरेटर सुरू केला, पेटीतून चौकट आणि पट्टी काढली. अझुकाला स्टुलावर बसवलं आणि हातात आरसा दिला.

"बघ फक्त. हलू नकोस."

हिरव्या उजेडात तिचा चेहरा आजारी दिसला, डाग आणखी काळे झाले. उबाका एका हातानं दांडी फिरवू लागला. करडं, फिकं, पेंढ्याचा रंग. डागांच्या कडा विरघळू लागल्या. गुलाबी आलं तेव्हा गालावर काही नव्हतंच. आरशात एक देखणी, चाळिशीतली, तांब्याच्या रंगाची बाई होती. उबाकानं सवयीनं दिवा चार बोटं डावीकडे सरकवला, आणि तिची हनुवटी, जी त्याला लग्नाच्या वेळी फार आवडली होती, ती उजेडात आली.

"बघितलंस? नुसते कागद आहेत." त्याच्या आवाजात नको तेवढा उत्साह होता. आपण तिच्या कौतुकाची वाट बघतोय, हे त्याचं त्यालाही कळलं.

अझुका बराच वेळ आरशात बघत होती.

"अठरा वर्षं झाली," ती म्हणाली. "हे एवढं येत होतं तुला."

ती कधी त्याला 'तू' म्हणत नसे.

"अझुका..."

"त्या सगळ्या बायकांना तू असं बघतोस. मी आले होते एकदा सेटवर, आठवतं? डबा घेऊन. एका म्हातारीच्या गालासाठी तू तासभर चिमटे लावत होतास. घरी आलास की माझ्याकडे बघतोस ते झाकलेल्या भांड्याकडे बघावं तसं. आत जेवण आहे का, एवढंच. मला वाटलं, रंग बदलला तर बघशील." तिनं आरसा मांडीवर पालथा घातला. "आणि आज पहिल्यांदा माझ्यावर दिवा लावलास तो कशाला? तर मी कशी मूर्ख बनले ते मला दिसावं म्हणून."

"तसं नाही गं..."

"बंद कर ते."

त्यानं जनरेटर बंद केला, फळ्या उघडल्या. बाहेर भर दुपार होती.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी डबी पाहिली आणि झाकणसुद्धा उघडलं नाही. ह्यात पारा असतो, म्हणाल्या. लगेच सोडा. सोडल्यावर आधी वाईट दिसेल, घाबरू नका. काही डाग वर्ष-दोन वर्षांत फिके होतील. गालांवरचे निळे आहेत ते जाणार नाहीत. ऊन टाळा, आच टाळा.

"मी अकारा तळते," अझुका म्हणाली.

"मग काही दिवस दुसरं कुणी तळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसरं कुणी नव्हतं. अझुकानं कढई शेजारणीला देऊन टाकली.

उबाका पूल ओलांडून ओनिचाच्या बाजारात चीफ अनेतोच्या दुकानी गेला. भांडायच्या तयारीनंच गेला होता. पण चीफनं उठून खुर्ची दिली, थंड माल्टची बाटली मागवली, सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं," चीफ म्हणाला. "वहिनींना माझा नमस्कार सांगा."

"तुमच्या क्रीमनं झालंय ते!"

"मी बारा वर्षं तेच क्रीम विकतोय, उबाका. आधी महिन्याला चाळीस खोकी जायची. तुमच्या त्या सात सेकंदांनंतर सहाशे जातात. मी डब्या विकतो. भरवसा तुम्ही विकलात."

"मला काय माहीत ह्यात पारा आहे?"

"तुम्ही विचारलंत?"

बिबियाना काय म्हणाली होती ते उबाकाला ऐकू येत होतं.

"आणि वहिनींनी तुम्हाला विचारलं असेल ना?" चीफनं आवाज आणखी खाली आणला. त्यात टोमणा नव्हता, खरंच समजून घ्यायचं असावं असा तो आवाज होता. "दिवे लावणाऱ्याची बायको विचारल्याशिवाय कशी राहील! तुम्ही काय सांगितलंत? मी काही तुमच्या घरात नव्हतो."

माल्टची बाटली न संपवता उबाका उठला. दाराशी चीफ म्हणाला, "साबण काढतोय. तसलीच जाहिरात पाहिजे. विचार करून सांगा."

"मी मेलो तरी करणार नाही."

"बरं," चीफ म्हणाला.

त्यानंतर पंधरा दिवस उबाका नाक्यावर, केसांच्या दुकानांत, चर्चच्या अंगणात, भेटेल त्या बाईला सांगत सुटला, की ती जाहिरात खोटी आहे, मीच केली आहे, नुसते रंगीत कागद आहेत. बायकांनी ऐकून घेतलं. केसांच्या दुकानातली शेजारीण म्हणाली, "ओगा, बायकोचं तोंड बिघडलं म्हणून आता आमच्यावर जळू नका."

"चीफनं पुढचं काम दुसऱ्याला दिलं असेल," खुर्चीतली एकजण म्हणाली.

"अगं बायांनो, मी खोटं बोललो असं मीच सांगतोय ना!"

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात," तिसरी म्हणाली. ती म्हातारी होती आणि तिच्या गालांवरही तसलेच निळे डाग होते. "मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून धरायचं?"

सगळ्याजणी हसल्या. दुकानातल्या टीव्हीवर बिबियाना डोळे उघडून हसत होती.

साबणाची जाहिरात जूनमध्ये लागली. फेस्टसनं केली होती. ह्या वेळी पट्टी आणखी लांब होती, दहा सेकंदांची, आणि बिबियानाच्या जागी तीन बहिणी ओळीनं उजळत होत्या. उबाकानं त्याला गाठलं तेव्हा फेस्टस बूट बघत उभा राहिला.

"ओगा, तुम्ही नाही म्हणालात. मी नाही म्हणालो असतो तर तिसऱ्यानं हो म्हटलं असतं."

"अझुकानं तुला आठ वर्षं जेवायला वाढलंय."

"ते मी विसरलो नाही. मी माझ्या बायकोला सांगितलंय, हे लावायचं नाही म्हणून. सगळं समजावून सांगितलं."

उबाकानं त्याच्या कानाखाली मारायला हात उचलला होता. हे ऐकल्यावर तो हात खाली आला.

अझुका तोवर घरातून गेली होती. सुटीत आलेल्या सोमतोनं आईची पेटी भरून दिली आणि ती ओनिचाला तिच्या धाकट्या बहिणीकडे, ओबियानुजूकडे गेली. भांडण असं झालं नाही. "काही दिवस जाते," एवढंच ती म्हणाली. सोमतो बापाशी बोलत होती, पण विचारलेल्या प्रश्नापुरतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी उबाका तिला आणायला गेला. ओबियानुजूनं त्याला अंगणात बाकावर बसवलं आणि आत निरोप दिला. अझुका बाहेर आली. डोक्याला फडकं नव्हतं, तोंडाला काही लावलेलं नव्हतं. व्हरांड्याच्या सावलीत न थांबता ती सरळ पायऱ्या उतरून अंगणात, डोक्यावरच्या उन्हात येऊन उभी राहिली.

"डॉक्टरीणबाई ऊन टाळ म्हणाल्या होत्या," उबाका म्हणाला.

"थोडा वेळ चालतं. बघ."

त्यानं पाहिलं. गोरेपणा ओसरला होता, तोही सारखा ओसरला नव्हता. कपाळ पुन्हा गडद झालं होतं, हनुवटी अर्धीमुर्धी, आणि गालांवरचे निळे डाग आता उठून दिसत होते. उबाकाला तिला म्हणायचं होतं, घरी चल. त्याला म्हणायचं होतं, मी तुझी माफी मागतो, पाय धरतो. सगळे शब्द तो बसमध्ये जुळवत आला होता. पण तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याची मान किंचित कलली, डोळे बारीक झाले आणि मनात आपोआप हिशेब सुरू झाला. गुलाबीनं निळं जांभळट होईल. अंबर जड पडेल.

"काय ठरलं?" अझुकानं विचारलं.

"कशाचं?"

"मला कळतं रे. कुठला कागद लावायचा ठरवलास?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. त्यानं खाली बघून सांगितलं, "पेंढ्याचा. हलका. डावीकडून."

अझुकानं मान हलवली. जी वस्तू घ्यायची नाही तिचा भाव ऐकून हलवावी तशी.

"लवकर नीघ," ती म्हणाली. "चारनंतर पुलावर फार गर्दी होते." आणि पायऱ्या चढून आत गेली.

त्यानंतर उबाका आणखी दोनदा ओनिचाला गेला. दोन्ही वेळा दार ओबियानुजूनं उघडलं, पाणी दिलं, आणि ताई झोपली आहे असं सांगितलं.